भोरड्यांपुढे हरलेली गोफण

मित्रांनो, तुमच्यातल्या कित्येकांनी मला पाहिलंही नसेल. मी एक जुनी गोफण आहे. शिरूर अनंतपाळजवळच्या एका गावात, भगवानरावांच्या ओसरीतल्या खुंटीला मी लटकलेली आहे.

भगवानराव तरुण होते तेव्हा त्यांनी बांधावरची अंबाडी पाण्यात भिजवली, तिचा वाख सोलला आणि मांडीवर वळून माझ्या दोन दोऱ्या केल्या. मधे खडा ठेवायला पट्टी विणली. एक दोरी बोटात अडकवायची, दुसरी मुठीत धरायची, डोक्याभोवती मला गरगर फिरवायचं आणि मूठ सोडायची. खडा सूं करत जायचा आणि ज्वारीवरची पाखरं भुर्रकन उठायची.

तेव्हा दिवाळीनंतर सगळं शिवार ज्वारीचंच असायचं. आत शिरलेला माणूस दिसू नये एवढी उंच ताटं. शेताशेतात माळा, माळ्यावर राखणदार. पाखरं यायची, पण शंभर शेतांत विखरून जायची. सुगी झाली की भगवानराव पाहुण्यांना सांगायचे, "औंदा हिनंच दाणा राखला." मला फार अभिमान वाटायचा.

मग सोयाबीन आलं, त्यामागे हरभरा. त्यांच्यासाठी यंत्र येतं आणि एका दिवसात रान मोकळं होतं. ज्वारी मात्र हातानं उपटावी लागते, कणसं खुडावी लागतात. त्या कामाला माणसं मिळेनात. एकेकानं ज्वारी सोडली. भगवानरावांनीही सोडली. मी खुंटीवर गेले. धूळ बसली, कसर लागली. कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

गेल्या वर्षी भगवानरावांच्या पत्नी कावेरीबाई भोकरकडच्या माहेराहून एक गाठोडं घेऊन आल्या. जुन्या उंच ज्वारीचं बी होतं त्यात. त्यांच्या भावानं ते आजवर जपलं होतं. आता तोही ज्वारी सोडत होता.

"माय, दुकानात बुटकं वाण आलंय," त्यांचा मुलगा व्यंकट म्हणाला. "दाणा लई पडतो. ज्वारीच पेरायची तर ते पेर."

"आन म्हशीला काय घालू? बुटक्याचा कडबा किती निघतो? भाकर दुपारीच वातड होती. ह्याची सांजंला बी मऊ ऱ्हाती."

"भोवताली कुणाचीच ज्वारी न्हाई, माय. सगळी पाखरं तुझ्याच रानात उतरतील."

"उतरू दे. भावाकडचं हे शेवटचं बी हाय. औंदा न्हाई पेरलं तर गाठोड्यातच मरंल."

व्यंकटनं शेवटी आईचं ऐकलं. त्यानं वीस गुंठे पेरून दिले. भगवानरावांचा खांदा धरला होता, म्हणून कावेरीबाईच मला घेऊन माळ्यावर चढल्या.

जानेवारीत कणसांत दूध भरलं आणि भोरड्या आल्या, मैनेएवढी, थव्यानं उतरणारी पाखरं. आभाळात काळा पडदा हलावा तसे थवे. पूर्वी त्या साऱ्या शिवारात पसरत. आता त्यांना एकच शेत दिसत होतं. बारा दिवस कावेरीबाई पहाटेपासून दिवस बुडेपर्यंत मला फिरवत होत्या. तळहात सोलून निघाले.

"आत्याबाई, जरा टेका की," खाली थाळी वाजवणारी त्यांची सून राजकन्या म्हणाली.

"मी टेकले तर कणीस ऱ्हायचं न्हाई, माय. तू वाजव."

तेराव्या सकाळी कसरीनं खाल्लेल्या जागी माझी दोरी तुटली. खडा कावेरीबाईंच्या पायाशी पडला. त्यांनी नायलॉनची दोरी जोडली, पण तिची गाठ निसटायची. अंबाडी तर गावात कुणाकडेच नव्हती. शेवटी त्या हातानंच ढेकळं फेकू लागल्या. भोरड्या एका ताटावरून उठायच्या आणि चार ताटं सोडून बसायच्या. मला त्या मातीत पडून हे सगळं पाहावं लागलं.

दुपारी त्यांनी आपली दोन जुनी लुगडी फाडली आणि साठ कणसांना चिंध्या बांधल्या. निदान बियाण्यापुरतं तरी वाचावं म्हणून. संध्याकाळी मला घरी नेऊन पुन्हा खुंटीला अडकवलं. आठवडा संपला तेव्हा बाकीच्या कणसांत नुसता भुसा उरला होता. पुढं फेब्रुवारीत तीन दिवस पाऊस पडला. चिंध्या भिजल्या आणि आतले दाणे काळे पडले.

किती उगवतात ते पाहायला कावेरीबाईंनी त्यातले शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळले. पाचव्या दिवशी भगवानरावांनी ओसरीत गोणपाट उलगडलं.

"नऊ उगवलेत."

"पुन्हा मोजा."

त्यांनी पुन्हा मोजले. "नऊच हाईत."

 उरलेलं काळं बी कावेरीबाईंनी राखेत मिसळून मडक्यात भरलं.

दोन दिवसांनी शेजारचा मल्लिनाथ आला. "काकी, बैलाला थोड्या पेंढ्या द्या की. कडबा लई झकास हाय तुमचा."

"घेऊन जा. पर यंदा तू बी दोन पट्टे ज्वारी पेर. तुझी आन माझी मिळून पाखरं वाटली जातील."

"उपटायला माणूस कुठून आणू, काकी? आन आमच्या घरी लेकरं आता चपातीच खातेत."

तो पेंढ्या घेऊन गेला. 

मित्रांनो, माझी दोरी तुटल्याचं दुःख मला आहेच. पण मी धडधाकट असते, तरी एवढ्या थव्यांपुढं एकटी गोफण किती पुरली असती? तुमच्या गावात कुणी एकट्यानं जुनं बी जपत असेल, तर त्याची चेष्टा करू नका. मूठभर मागून घ्या, घरच्यांना सांगून एक पट्टा तुमच्याही रानात पेरा. एका घरात राहिलेलं बी एका पावसात जातं.

कावेरीबाईंचं मडकं उतरंडीच्या तळाशी आहे. त्यातलं किती जगेल, ते येत्या पेरणीलाच कळेल. मला दुरुस्त करायला अजून कुणी खाली काढलेलं नाही.