लतिका नावाचं फोल्डर

बापू, म्हणजे माझे वडील, रोज संध्याकाळी खिडकीतून हाक मारतात, "लतिके, पाण्यापाशी जाऊ नको गं!" मी ओ देते, "नाही जात, बापू." आमच्या देवासच्या गल्लीत नळालाही एक दिवसाआड पाणी येतं, जाणार कुठे! पण लहानपणापासूनची सवय.

परवा त्यांच्या ट्रंकेतले फोटो स्कॅन केले. माणसागणिक फोल्डर हाताने बनवायचा धीर माझ्यात नाही, म्हणून प्रोग्राम लिहिला. बापूंच्या वंशावळीच्या वहीतलं एकेक नाव त्याने उचलायचं आणि वडिलांच्या फोल्डरात मुलाचं फोल्डर तयार करायचं. मी हिंदी शाळेतली, मराठी अक्षर लावताना अडखळते. वहीसुद्धा कंप्युटरकडूनच वाचून घेतली.

प्रोग्राम बापूंच्या नावापाशी येऊन थांबला. लतिका हे फोल्डर आधीच आहे, म्हणाला.

लतिका मीच, बापूंची एकुलती एक. दोनदा चालला असेल म्हणून सगळं पुसून पुन्हा चालवला. तेच! चिडून वही उघडली. बापूंच्या नावाखाली दोन ओळी होत्या. लतिका, जन्म धार, १९७९. लतिका, जन्म देवास, १९८५.

वही तशीच बापूंपुढे धरली.

"ही धारची कोण?"

"तुझी ताई," ते हळूच म्हणाले. "नेमावरला नर्मदेच्या घाटावरून पाय घसरून गेली. पाचवं लागलं होतं."

"आणि मला तिचंच नाव?"

"तुझी आई दुसऱ्या नावानं हाक मारीचना. क्या करता बेटा."

मला राग आला आणि रडूही. हट्टाने दोन फोल्डर केली, लतिका धार आणि लतिका देवास. बापूंना कंप्युटरपुढे बसवलं. "सांगा, कुठला फोटो कोणाचा?"

झबल्यातली? धारची. दोनच दात आलेली? धारची. बाग गावच्या ठशांच्या छापाचा फ्रॉक घातलेली, जिला मी चाळीस वर्षं मी समजत आले, तीही धारचीच.

"माझा लहानपणचा एकही नाही?"

"तुझे काढलेच नाहीत," बापू म्हणाले. "तू पाच वर्षांची होईपर्यंत हिंमतच नाही झाली."

संध्याकाळी ते नेहमीसारखे खिडकीशी गेले. "लतिके, पाण्यापाशी जाऊ नको गं!"

मी ओ दिली नाही. दुसरी कोणी देते का, ते ऐकत बसले.