बाची बिडी आणि माझी काच

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. जव्हारच्या एका दवाखान्यातल्या कपाटात, वरच्या फळीवर माझा मुक्काम असतो. अंबाल्याच्या कारखान्यात घडलो, एसटीच्या टपावर धक्के खात घाट चढलो आणि खिडकीशी बसून वीस वर्षं नेकीने राबलो. वीज गेली तरी माझं अडत नसे. आरशाने ऊन पकडलं की झालं. हिवतापाच्या काचा किती पाहिल्या, त्याला गणतीच नाही.

पण मित्रांनो, मला खरं कौतुक वाटतं ते गंगीचं. १९९८ साली ती दाभोशाहून नवऱ्याला, नवसूला, घेऊन आली. लग्नाला सहा वर्षं झाली तरी मूल नव्हतं. सासऱ्याने, पोश्याबाबांनी, दुसरी सून पाहून ठेवली होती. गंगीच्या तपासणीत काही दोष निघाला नाही. तेव्हा भरल्या दवाखान्यात ती म्हणाली, "ताई, आता याचाबी तपास करा." मी तर थक्कच झालो!

प्रयोगशाळेच्या हर्षदाताईंनी नवसूच्या वीर्याची काच माझ्याखाली ठेवली. बीज थोडं होतं आणि होतं तेही जागच्या जागी रेंगाळत होतं. नवसू रोज बिडीचं अख्खं बंडल फुंकायचा.

"बिडीनं पुरुषाचं बीज घटतं, मंदावतं," डॉक्टर म्हणाले. "पार सोड. नवं बीज तयार व्हायला तीनेक महिने लागतात."

तीन महिन्यांनी सगळे आले. पोश्याबाबा बाहेर पायरीवर बसले. काचेत फरक थोडासाच होता.

"नवसू, खरंच सोडलीस?" ताईंनी विचारलं.

"सोडली ना! बाची पेटवून देतो, तेवढीच."

धाकट्याने दोन झुरके घेऊन बिडी नीट पेटवायची आणि मग थोरल्याच्या हाती द्यायची, असा त्यांच्या घरचा मान. दिवसाला पंधरा वेळा हा मान राखला जाई. गडी भोळा, ते झुरके त्याने स्वतःचे धरलेच नव्हते!

ताईंनी पोश्याबाबांना माझ्यापुढे बसवलं. म्हाताऱ्याने आधी दोन्ही डोळे मिटले, मग एक उघडला आणि बराच वेळ पाहिलं.

"हे माज्या बिडीनं?"

"त्याच्या आणि तुमच्याही, बाबा."

पोश्याबाबा उठून गंगीपाशी गेले. "पोरी, दुसरीची गोष्ट मी मोडली. आन् बिडीबी."

पुढच्या काचेत बीज कसं लगबगीने धावत होतं! सगळ्यांच्याच बाबतीत असं होतं असं नाही, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. पण वर्षभरात गंगीच्या रक्ताची काच माझ्याकडे आली. तिला दिवस गेले होते, म्हणून ही नेहमीची तपासणी. त्या दिवशी मला फार आनंद झाला.

आता नवं, विजेवरचं यंत्र आलंय आणि माझ्या आरशावर धूळ साचलीय. ती कुणी पुसली तर बरं वाटेल. पण मित्रांनो, त्याहून मोठं मागणं आहे. वडीलधाऱ्यांचा मान जरूर राखा, बिडी मात्र ओठांना लावू नका. आणि घरात मूल नसलं, तर बाईकडे बोट दाखवण्याआधी पुरुषालाही दवाखान्यात पाठवा. गंगी त्या दिवशी बोलली नसती, तर नवसूची काच माझ्याखाली कधी आलीच नसती आणि दोष जन्मभर तिच्याच माथी राहिला असता.