म्हाळसेची तहान

तळेगाव ढमढेऱ्याचे पाहुणे बघायला यायचे होते, म्हणून वडगाव रासाईच्या साखरबाईनं आपल्या नातीला, म्हाळसेला, उजाडल्यापासून पाण्याचा थेंब दिला नव्हता. त्या घरची ती रीतच पडून गेली होती. पोर जन्मली तेव्हा शौचाची वाटच नव्हती. मिशनच्या दवाखान्यात ऑपरेशन करून ती केली. पोट सुधारलं, पण लघवी कधी तुंबायची, कधी नकळत सुटायची. लुगडं भिजू नये म्हणून घरानं तिचं पाणीच तोडलं. लिडियाबाई नर्सनं तेव्हाच बजावलं होतं, "पाणी भरपूर पाजा, आणि दर वर्षी तपासायला आणा." पण सारखी दवाखान्यात जाणारी पोर लोकांच्या डोळ्यावर येते. साखरबाईनं नेली नाही.

अलीकडं पोरीच्या कंबरेत कळा यायच्या, मधूनच थंडीताप भरायचा.

"आजी, घोटभर दे की."

"पाव्हणं गेलं की हंडा लाव तोंडाला. आत्ता गप. जन्मभर बापाच्या उरावर बसायचंय व्हय?"

पाहुणे आले. म्हाळसा तांब्या घेऊन बाहेर आली. मुलाच्या मामांना, जयसिंगरावांना पाणी देता देता तिचा हात थबकला, आणि सगळ्यांदेखत तिनं तांब्याच तोंडाला लावला. घटाघटा प्याली अन् तिथंच खाली बसली. अंग तव्यासारखं तापलेलं. लुगडं भिजलं.

"पोरगी आजारी हाय का?" मामांनी विचारलं.

"उन्हात हुती काल," तिचा बाप हौसराव घाईनं म्हणाला.

साखरबाईनं नातीच्या कपाळाला हात लावला, तर चटकाच बसला.

"ऊन न्हाई, मामा. जन्माचं दुखणं हाय, आन् आम्ही तिला तहानेनं मारतोय. पोहं खावा आन् निघा. हिला मिशनच्या दवाखान्यात न्यायला मला शिरूरला इष्टी गाठायचीय."

"आई, अब्रूचं काय?"

"घाल चुलीत. बैल जुंप."

दवाखान्यात पोटाचे फोटो काढले. लघवी साचून साचून एक मूत्रपिंड नासलं होतं; दुसऱ्याचाही भरवसा डॉक्टरांनी दिला नाही. लिडियाबाईंचे केस आता पांढरे झाले होते. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या म्हाळसेचं कपाळ पुसत राहिल्या.

"आजी, ते मामा परत येतील का गं?"

साखरबाईच्या तोंडाला गाव भ्यायचा. तिनं नातीचं पांघरूण नुसतं सारखं केलं. ती बाहेर येऊन बाकावर बसली. शेजारी एक तरणी बाई तान्ह्या पोरीला पदराखाली झाकून बसली होती.

"काय झालंय गं लेकराला?"

"काय न्हाई, मावशी. पोट बिघडलंय जरा." बाईनं पदर आणखी ओढला, तरी म्हाळसेला तान्हेपणी होती तसलीच पट्टी साखरबाईला दिसली.

"वाट केलीय नव्हं डॉक्टरनं?"

बाईचे डोळे भरले. "कुणाला सांगू नका. पुढं लगीन व्हायचंय तिचं."

साखरबाईनं तिचा हात धरला आणि तिला उठवलं.

"चल. आत माझी नात हाय. तिला बघ, मग ठरव काय झाकायचं ते."