लिटरभर पाण्याचं वजन

मित्रांनो, जवळ येण्याआधी हात दाखवा. दोन्ही दाखवा. मुठी उघडा. रागावू नका, पंचवीस वर्षांची खोड आहे, एकदम कशी जाईल?

मी एक जुना ताणकाटा आहे. वर धरायला कडी, खाली माल अडकवायला आकडा, पोटात स्प्रिंग आणि छातीवर पितळेची पट्टी. आकड्याला वजन लागलं की पट्टीवरची सुई खाली सरकते आणि किती किलो भरलं ते सांगते. पन्नास किलोपर्यंत झेपेल अशी माझी ताकद. तेवढंच पट्टीवर लिहिलेलं आहे, त्याच्यापुढे एक आकडाही नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९८१ साली भुजंगने मला जालन्याच्या बाजारातून धावड्याला आणलं. भुजंग म्हणजे माझा मालक. चांगली काळी जमीन, तीत कापूस, आणि स्वभाव असा की दुधात माशी पडली तर ती कोणी टाकली हे आधी विचारणार. आमचं लगेच जमलं. मला त्याने अंगणातल्या लिंबाला टांगलं, आणि वेचणीला आलेल्या बायांची गठडी संध्याकाळी माझ्यावर मोजली जाऊ लागली.

काय काय पाहिलं मी! कोणी गठड्यात ढेकूळ घालायचं, कोणी कवडी, म्हणजे किडका कापूस, आणि पालापाचोळा. एक म्हातारा तर गठडं मोजताना हळूच वरून गुडघा टेकायचा. सगळं माझ्या सुईला कळायचं. भुजंग माझ्या पट्टीवर वरच्या टोकाला अंगठा दाबून मला स्थिर धरायचा आणि म्हणायचा, "माणूस खोटं बोलंल, काटा न्हाई बोलणार." हे ऐकून मी असा फुगायचो की विचारू नका. मला वाटायचं, या जगात खरे दोघंच, एक भुजंग आणि दुसरा मी. भुजंगबद्दलही कधीकधी शंका यायची.

त्याच्या अंगठ्याने घासून घासून पट्टीवरची शून्याची रेघ पुसली गेली. कोणाचं काही अडलं नाही. शून्य किलो कापूस कोण मोजतं?

मग १९९७ चा पोळा आला. बैल मिरवून आणल्यावर चार मित्र लिंबाखाली बसले होते. त्यातला मच्छिंद्र म्हणाला, "भुजंग, तू आता दीड गोणी तरी भरशीन." भुजंगला चेव आला. "बघू बरं!" म्हणत त्याने माझ्या आकड्याला दोन्ही हातांनी धरलं आणि पाय उचलले. पंच्याहत्तर किलोचा गडी! माझी सुई पार तळाला आपटली. पोटात कुठेतरी टक् झालं. लोक हसले, भुजंग हसला, आणि चहा प्यायला सगळे घरात गेले. मी मनात म्हटलं, होतं असं कधीकधी, वय झालं.

त्याच हंगामात चोरी सुरू झाली. म्हणजे आम्हाला तसं वाटलं. घरी माझ्यावर मोजलेला कापूस खरेदी केंद्रावर गेला की कमी भरायचा. दर गठड्यामागे किलोभर तूट! भुजंगने आधी गाडीवाल्यावर डोळा ठेवला, मग केंद्रावरच्या काट्यावर, आणि शेवटी त्याचं बोट वेचणीच्या बायांवर आलं. "पाणी! गठड्यावर पाणी मारून राह्यल्या ह्या. इथं भरतं, वाटंत सुकतं." मलाही ते पटलं. पटायलाच पाहिजे होतं, कारण माझ्या सुईला किलोभर जास्तीचं ओझं रोज जाणवत होतं.

पण पाणी मारणार कोण? चांगुणाबाई. ती सगळ्यांत आधी, ऊन पडायच्या आत शेतात यायची. दवाने तिची ओटी, कापूस वेचून टाकायचा कमरेचा झोळ, ओली असायची आणि तिचं गठडं सगळ्यांत मोठं असायचं. आम्हा दोघांना याहून मोठा पुरावा कशाला पाहिजे? एका संध्याकाळी वीस बायांसमोर भुजंग म्हणाला, "चांगुणे, उद्यापासून येऊ नको. कापसाला पाणी लावते तू."

चांगुणाबाईचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "भुजंगभाऊ, लेकराची आन, म्या पाणी न्हाई लावलं. एकडाव तो काटा तरी..."

"काट्याला नावं ठेवू नको!" भुजंग ओरडला.

आणि मी? मला धन्य धन्य वाटलं. गावात तिचं नाव 'पाणीवाली' पडलं. धावड्यात तिला कोणी कामाला बोलवेना, तेव्हा ती जीपमध्ये लोंबकळत जाफराबादकडे मजुरीला जाऊ लागली. वेचणीला बाया येत राहिल्या, तूटही येत राहिली. भुजंग म्हणायचा, "तिनंच समद्यांना शिकवून ठेवलंय." संशयाला उत्तर कधी कमी पडत नाही, मित्रांनो.

अशी तीन वर्षं गेली. २००० सालच्या डिसेंबरात भुजंगची लेक कौसल्या शाळेतून धावतच आली. ती नववीत होती. बद्रीनाथ सर वर्गाला अजिंठ्याच्या डोंगरात घेऊन जाणार होते. दिवसभर चालायचं, वर किल्ल्यावर मुक्काम करायचा, दुसऱ्या दिवशी उतरायचं. मुलींना पहिल्यांदाच नेणार होते. सरांची अट एकच होती, पाण्याच्या बाटलीसकट पिशवी पाच किलोच्या वर नको.

भुजंगने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पोरगी पहिल्यांदाच घराबाहेर झोपणार, तीही डोंगरावर. त्याला भीती वाटत होती. पण भीती वाटते असं म्हणेल तो भुजंग कसला? तो म्हणाला, "पिशवी माझ्या काट्यावर मोजायची. पाचाच्या वर गेली तर जायचं न्हाई. जास्त भरली म्हंजी काईतरी लपवलं, आन् लपवणाऱ्या पोरीला मी डोंगरावर पाठवत नसतो."

कौसल्याने खताच्या गोणीची पाठीवर घ्यायची पिशवी शिवली, जुन्या पट्ट्याचे बंद लावले. निघायच्या आदल्या दिवशी, दुपारीच, ती अंगणात सगळा पसारा मांडून बसली. चादर, स्वेटर, ताट, वाटी, दोरी, मेणबत्त्या, काडेपेटी. खायला धपाटे, शेंगदाण्याची चटणी, गूळ, मुरमुरे, चार कांदे. तिची आई उषाबाई घोंगडी घेऊन आली. "ही बी घे, माय. वर लई थंडी राहते."

"माय, घोंगडीच दोन किलोची हाय!"

मी वरून बघत होतो. माझी खात्री होती की ही काहीतरी लपवणार. चौदा वर्षांची पोर आहे, चिठ्ठी असेल, नाहीतर आरसा, नाहीतर आईची पावडर. पिशवी माझ्यावर आली, साडेसहा. घोंगडी काढली, साडेचार. "आता बाटली," कौसल्या म्हणाली. भुजंग म्हणाला, "बाटली सकाळी भरून आण, तवा बघू." म्हणून तिने अर्ध्या किलोचे मुरमुरे आणखी भरले. सुई बरोबर पाचावर आली. "सकाळी पाण्यासाठी हेच मुरमुरे काढीन," असं काहीतरी ती पुटपुटली. अर्धा किलो काढून किलोभर पाणी कसं बसणार? हिशेब काही जमत नव्हता, ते तिलाही दिसत होतं.

सकाळी सातला शाळेत हजर व्हायचं होतं. सहा वाजता पिशवी पुन्हा माझ्या आकड्याला लागली. सात किलो!

"बघा!" भुजंग ओरडला. "काल पाच, आज सात! म्या म्हणलो व्हतो ना!"

मीही खुशीत झोका घेतला. कौसल्याचे डोळे भरले. "बाबा, तुमची शप्पथ, म्या काई न्हाई घातलं."

"वत खाली सगळं."

पिशवी अंगणात रिकामी झाली. चादरीच्या घडीतून फडक्यात बांधलेल्या सहा दशम्या आणि रव्याचे लाडू निघाले. उषाबाईने पदर तोंडाला लावला. "आवं, पोरगी उपाशी राहीन म्हणून..." भुजंग तिला काही बोलणार, तेवढ्यात स्वेटरच्या बाहीतून एक भलीमोठी बॅटरी गडगडत बाहेर आली. चार सेलची. रात्री शेताला पाणी द्यायला जाताना भुजंग नेतो ती.

उषाबाईने ती उचलून भुजंगपुढे धरली.

"ही कोणी घातली?" उषाबाईने विचारलं. तिला सगळं कळलं होतं, तरी विचारलं. चोराच्या मनात चांदणं, आणि भुजंगच्या मनात तर बॅटरी!

"वर अंधार राहतो," भुजंग दुसरीकडे बघत म्हणाला. "इचूकाटा राहतो." आणि लगेच आवाज चढवून, "ते जाऊ दे. काढा दोन्ही. आता मोजा."

पुन्हा पाच. "आता पाणी," तो म्हणाला. कौसल्याने मुरमुरे काढले आणि लिटरची भरलेली बाटली ठेवली. साडेपाच. तिने गूळ काढला, कांदे काढले, तरी पाचाच्या वर थोडी. काढण्याजोगे राहिले धपाटे आणि स्वेटर. एक काढला तर उपाशी, दुसरा काढला तर थंडीत.

"झालं," भुजंग म्हणाला. "न्हाई जायचं." खरं सांगू? त्याला सुटल्यासारखं वाटलं, मी त्याचा चेहरा पाहिला.

कौसल्या रडली नाही. तिने पिशवीतून बाटली काढली आणि नुसती बाटली दोरीने माझ्या आकड्याला बांधली. सुई दोनावर.

"बाबा, हे किती झालं?"

"दोन."

"एक लिटर पाणी एक किलो राहतं. बराबर एक. आमाला शाळेत मोजून दाखवलंय."

"मंग बाटली जड आसंल."

कौसल्याने सगळं पाणी तुळशीला ओतलं आणि रिकामी बाटली बांधली. ती वाऱ्यावर हलत होती. सुई एकावर.

"ह्या रिकाम्या बाटलीत एक किलो काय हाय, बाबा?"

भुजंगने आधी बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कौसल्याने बाटलीही सोडली. माझा आकडा मोकळा लोंबत होता, त्याला काडीसुद्धा लागलेली नव्हती. सुई एकावरच. उषाबाईने भांडी घासायची चिंच आणून माझी पट्टी घासली, तेव्हा एकाच्या वर, अंगठ्याने झिजलेल्या जागी, शून्याची बारीक रेघ दिसू लागली. माझी सुई तिच्यापासून किलोभर खाली उतरून बसली होती.

मित्रांनो, त्या क्षणी मला लाज वाटली. नुसती लाज नाही, मेल्याहून मेल्यासारखं झालं. गुडघे ओळखले, ढेकळं ओळखली, जगावर संशय घेतला आणि माझ्याच पोटातला खोटा किलो मला तीन वर्षं दिसला नाही. टक् झालं होतं ना? ऐकलं होतं मी.

"पोळ्याला," भुजंग हळूच म्हणाला. "म्या लटकलो व्हतो ह्याला."

कौसल्या भराभर पिशवी भरत होती. धपाटे, चटणी, स्वेटर, चादर, गूळ, भरलेली बाटली. सुई सव्वापाच दाखवत होती, म्हणजे खरे सव्वाचार. मग तिने दोन दशम्या घेतल्या आणि मेणबत्त्या काढून बापाची बॅटरी आत ठेवली. सुई सहावर थांबली, म्हणजे खरे पाच. पिशवी पाठीवर टाकून ती फाटकापर्यंत गेली आणि वळली.

"बाबा, मंग चांगुणामावशीच्या गठड्याला पाणी कोणी लावलं व्हतं?"

उत्तराला ती थांबली नाही. तिला उशीर होत होता.

 भुजंगने मला काढून खांद्यावर टाकलं आणि चांगुणाबाईच्या दारात गेला. ती मजुरीला निघायच्या बेतात होती, भाकरी फडक्यात बांधत होती. भुजंगने मला तिच्या दारातल्या मेढीला, म्हणजे खांबाला, टांगलं. रिकामाच.

"चांगुणाबाई, हे बघा. काटाच खोटा व्हता. एक किलो."

तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. "मला काय दाखवता, भुजंगभाऊ? मला तवाच ठाव व्हतं, म्या पाणी न्हाई लावलं."

"मंग बोलल्या का न्हाई?"

"बोलले व्हते. तुमी काट्याकडं बघत व्हते."

भुजंगची मान खाली गेली. "चुकलं माझं. उद्यापासून वेचणीला या."

"वीस बायांसमोर बोलला व्हता," चांगुणाबाई फडक्याची गाठ मारत म्हणाली. "माफी बी तितंच मागा. मंग येते." आणि ती जीप पकडायला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कौसल्या परत आली, पायाला फोड आणि तोंडभर हसू घेऊन. तेव्हा लिंबाखाली गठडी मोजायची होती. भुजंगने आधी मला रिकामंच टांगलं, बायांना जवळ बोलावलं आणि सगळं सांगितलं. पोळ्याचंही सांगितलं.  निरोप मिळाल्यावर आलेली चांगुणाबाई मागे उभी राहून ऐकत होती. एक बाई हसली, पण चांगुणाबाई हसली नाही. तिची तीन वर्षं जीपच्या फळीवर गेली होती, ती काही त्या बोलण्याने परत आली नाहीत. पण पुढच्या आठवड्यात ती आली, ऊन पडायच्या आत, ओली ओटी घेऊन. तिचं गठडं अडकवायच्या आधी म्हणाली, "थांबा. पयले मोकळा दाखवा."

तेव्हापासून तोच रिवाज पडला. माझी स्प्रिंग जालन्याला नेऊन बदलली, शून्याची रेघ नव्याने कोरली. तरी आजही कुठलंही गठडं लावण्याआधी कोणीतरी म्हणतं, पयले मोकळा दाखवा, आणि मी मोकळा लटकून सगळ्यांना शून्य दाखवतो.

मित्रांनो, मला पन्नासच्या वर भार लावू नका. माझी पट्टी चिंचेने पुसत जा, अंगठा जरा बाजूला धरा. एवढीच माझी विनवणी आहे. आणि हो, तुम्ही मघाशी हात दाखवलेत ना? आता माझी पाळी. या, जवळ या. आकड्याला काही लावलेलं नाही. सुई कुठे आहे, ते आधी बघून घ्या.