चारही नव्वद

कोबिया मिस्त्रीनं गाडीचा चौथा प्लग काढून बाजूला ठेवला आणि हात पँटला पुसले. अव्होकाडोच्या झाडाखाली दोन्ही घरची म्हातारी मंडळी मिराच्या, त्या तरतरी आणणाऱ्या झुडपाच्या, कोवळ्या काड्या चघळत बसली होती. मुलीकडच्यांच्या चेहऱ्यावर आत्ताच हसू होतं. हसायला कारण लागतं असं त्या घरात कधी नव्हतंच.

मुलीच्या देण्यात मुलाकडच्यांनी गाय द्यायची, ही आमच्याकडची रीत. नवऱ्या मुलानं, मुथुरीनं, गाय नको, गाडी देतो, असा हट्ट धरला होता. जुनी निळी टर्बो, इंजिन त्यानं स्वतः खोलून पुन्हा बांधलेलं. मुलीचे, करंबूचे, काका इकियारा यांचा मिराचा धंदा. काड्या सुकायच्या आत नैरोबी गाठायची असते, त्यामुळे अशी पळणारी गाडी म्हटल्यावर त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. पण देण्यातलं जनावर तपासल्याशिवाय कुणी घेत नाही. दात बघायचे, कान बघायचे, आणि तोवर देणाऱ्यानं हात पाठीमागं बांधून उभं राहायचं. गाडीला दात नाहीत म्हणून काकांनी आपल्या डिझेल पिकअपांचा मिस्त्री बोलावला होता. गेज मुथुरीनंच दिलं. प्लगच्या जागी ते बसवून इंजिन नुसतं फिरवायचं, आत हवा किती जोरानं दाबली जाते ते काटा सांगतो.

"स्टार्टर कोण मारणार?" कोबियानं विचारलं.

"करंबूला बसवा," मुथुरी म्हणाला. "तिला सगळं येतं."

हे तो छाती फुगवून म्हणाला. करंबू चुलीपाशी होती. ती ओले हात पुसत आली, त्याच्याकडे न बघता स्टिअरिंगमागं बसली आणि किल्लीला हात लावून थांबली.

गेलं वर्षभर ती त्याच्या शेडमध्ये अशीच बसायची, अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून. पाय दाबला नाही तर पेट्रोल इंजिनाचा गळा मिटलेला राहतो, पुरेशी हवा आत जात नाही आणि काटा वर चढत नाही. "श्वास दे," एवढंच मुथुरी म्हणायचा, की तिचा पाय खाली जायचा. डिझेलला ही भानगड नसते, त्यामुळे कोबियाला ती ठाऊक नव्हती. गाडीतलं जे जे त्याला येत होतं ते सगळं त्यानं तिला शिकवलं होतं. लग्नाचं मात्र त्यानं तिच्या काकांना विचारलं. मुलीला विचारतात, नाही असं नाही, पण अगदी शेवटी, जनावर पसंत पडल्यावर, सगळ्यांच्या देखत. त्या वेळी नाही म्हणालेली मुलगी या डोंगरात अजून कुणी पाहिलेली नाही.

इंजिन घरघरलं. कोबियानं गेज डोळ्यांजवळ नेलं.

"नव्वद. माझ्या पिकअपला चारशे येतात."

म्हाताऱ्यांना आकडे कळत नव्हते, पण नव्वद आणि चारशे यांतलं अंतर कळत होतं. दात पडलेला बोकड रंग लावून आणलाय, असं कुणीतरी म्हणालं आणि झाडाखाली हशा पिकला. मुथुरीचे वडील न्तोंगाई यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

मुथुरी शांतपणे म्हणाला की डिझेलशी तुलना करू नका, टर्बोचा आकडा मुळातच कमी असतो. चारही सिलिंडर सारखे आहेत का, तेवढं बघा. बोलताना त्याचा आवाज मात्र जरा घसरला, कारण गेल्याच आठवड्यात याच गेजवर त्याला एकशे चाळीस मिळाले होते.

दुसराही नव्वद निघाला. मग तिसरा, मग चौथा.

"चारही सारखे," कोबिया म्हणाला.

"सारखेच मेलेत म्हणायचं," इकियारा काका म्हणाले. "भावंडांत एकी आहे."

हसता हसता एका म्हाताऱ्याला ठसका लागला. कोबियानं मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडलं. रिंगा झिजल्या असतील तर तेलानं फट बुजते आणि काटा उडी मारतो. काटा जेमतेम हलला. रिंगा चांगल्या आहेत म्हणजे व्हॉल्व्ह गेले, चारही गेले, असा निकाल त्यानं देऊन टाकला.

तेव्हा मुथुरीला कळलं. इंजिन असं आजारी पडत नाही. एक सिलिंडर आधी जातो, दुसरा मागून जातो. चारही एकदम, एकाच मापानं कमी असतील तर आत काहीच बिघडलेलं नसतं. त्यांना हवाच मिळालेली नसते.

हात पाठीमागं तसेच ठेवून तो गाडीच्या उघड्या दाराशी गेला.

"करंबू, श्वास दे."

तिनं पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. "दिलाय," ती म्हणाली आणि किल्ली फिरवली.

"नव्वद," पलीकडून कोबिया ओरडला.

मुथुरीनं खाली पाहिलं. रविवारच्या पांढऱ्या बुटातला तिचा पाय पेडलच्या शेजारी, चटईवर, दुसऱ्या पायाला लावून नीट ठेवलेला होता.

त्याला असा राग आला की कानशिलं तापली. बोट दाखवलं असतं तर गाडी वाचली असती, बापाची मान वर झाली असती. आणि काकांनी करंबूला त्या झाडाखालीच सगळ्यांदेखत तुडवलं असतं, हेही त्याला ठाऊक होतं. तिलाही ठाऊक होतं. मुथुरी बोलणार नाही, हेसुद्धा तिनं गृहीतच धरलं होतं.

"खोट आहे का रे गाडीत?" न्तोंगाईंनी विचारलं.

"आहे, बाबा."

"आजारी जनावर घेऊन दारात आलात, न्तोंगाई," काका म्हणाले. "आता मुलीला काय विचारायचं? उठा." पाहुण्यांनी भेट आणलेला मधाचा डबा त्यांनी पायानंच परत सरकवला.

करंबू गाडीतून उतरली आणि चहा उतू जाईल म्हणत आत गेली. मुथुरी एक एक प्लग बसवत होता, तोवर म्हाताऱ्यांनी गाडीला नावं ठेवून घेतली. गाडी ढकलायला माणसं देऊ का, असंही काकांनी विचारलं. बाप-लेक निघाले तेव्हा त्यांना निरोप द्यायला कुणी उठलं नाही.

गावाबाहेर मोठा चढ लागला. मुथुरीनं पाय तळापर्यंत दाबला. टर्बोची शिट्टी वाजली आणि गाडी अशी उसळली की न्तोंगाई पाठीमागं आदळले. मधाचा डबा त्यांनी दोन्ही हातांनी पोटाशी धरला.

"ही मेलेली नाही."

"नाही."

"मग तिथं तसं का म्हणालास?"

मुथुरीनं गिअर बदलला. न्तोंगाईंनी टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली.

"पोरीला विचारलं होतंस ना तू?"

मुथुरीनं अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला आणि शेजारी चटईवर ठेवला. चढावर गाडीचा वेग हळूहळू कमी होत गेला.