रिकामी खाच

प्रयोगशाळेतल्या तरुण संशोधक मॅरेनचं पत्र मार्चमध्ये आलं होतं. आता नोव्हेंबर लागला, तरी ऑल्डननं उत्तर धाडलं नव्हतं. पत्र मात्र पाठ झालं होतं. ‘खाडीच्या गाळातला हा जीव प्रयोगशाळेत कुणालाच वाढवता आला नाही. तुम्ही त्याची एकच पेशी वेगळी काढलीत, म्हणून आम्हांला त्याची सगळी जनुकं वाचता आली. त्याला तुमचं नाव द्यायचंय. हो म्हणाल ना?’

“एका पेशीचं बारसं, आणि घाम तुला फुटतोय!” थोरली बहीण लविना माशांच्या सूपचं पातेलं टेबलावर ठेवत म्हणाली. “आपल्या घराण्याचं नाव आजवर एका होडीला लागलं. तीही बुडाली. हो म्हणून टाक की.”

“हो म्हणता येत नाही.”

“मग नाही म्हण.”

“तेही जमत नाही.”

“बत्तीस वर्षं त्या प्रयोगशाळेत काढलीस, पण तोंड उघडायला काही शिकला नाहीस.”

मग त्यानं पहिल्यांदाच सांगितलं. ताटलीत शेकडो बारीक खाचा असतात. एकेका खाचेत एकेक पेशी, तिचा डीएनए यंत्रात वाढवायचा; काही खाचा मुद्दाम रिकाम्या. रिकाम्या खाचेत डीएनए वाढला, तर बाहेरचं काहीतरी शिरलं असं समजायचं. कदाचित आपल्याच हातचं. मग अख्ख्या ताटलीवर भरवसा ठेवायचा नाही. मॅरेनची दोन वर्षं वाया गेली होती आणि ही तिची शेवटची ताटली. त्या सकाळी यंत्राच्या पडद्यावर एक रिकामी खाच उजळली, म्हणजे तिथं डीएनए वाढला होता; उशिरा, अगदी फिका. मॅरेन काचेपलीकडे उभी होती. ऑल्डननं वहीत लिहिलं : रिकाम्या खाचा स्वच्छ. पोरगी काचेला नाक लावून हसली होती.

लविनानं डाव खाली ठेवला. “तिला कळलं तर?”

“तिची नोकरी त्याच शोधावर आहे.”

“आणि नाही कळलं तर?”

“तर माझ्या नावाचा जीव पुस्तकात राहील. कदाचित कधी नसलेलाच.”

तिनं सूपची वाटी त्याच्यापुढे सरकवली. मग म्हणाली, “सूप निवतंय. आधी खा, मग लिही. मी भांडी वाजवणार नाही.”

त्यानं चार कागद फाडले. पाचव्यावर लिहिलं : ‘प्रिय मॅरेन, त्या दिवशी एक रिकामी खाच उजळली होती. तू हसावंस म्हणून मी खोटं लिहिलं. माझं नाव नको, आणि इतक्यात काही छापूही नकोस. त्याच गाळाची एक नळी प्रयोगशाळेच्या तळघरातल्या फ्रीझरमध्ये मागच्या कप्प्यात आहे, हिरव्या झाकणाची. तिला कुणी हात लावलेला नाही. ती मागवून घे.’

सकाळी त्यानं रस्त्याकडेच्या पत्रपेटीत पाकीट ठेवलं, टपाल न्यायचं आहे हे कळावं म्हणून तिचं लाल निशाण वर केलं आणि तिथंच थांबला. टपालवाली गाडी घेऊन आली. तिनं पाकीट उचलून शेजारच्या सीटवर ठेवलं, निशाण खाली पाडलं आणि गाडी वळणापलीकडे गेली. ऑल्डन टोपी हातात धरून उभा होता.