अळणी आठवडा

भोरला संस्थान होतं तेव्हाची गोष्ट. वेल्ह्याच्या डोंगरातली सतरा घरांची धनगरवाडी गोल करून बसली होती आणि मधोमध चमत्कार उभा होता. चार पाय, दोन वळलेली शिंगं. तसा तो कोंडिबाचा एडका. पण एका फिरत्या बुवामहाराजांनी त्याच्या कपाळाला शेंदूर फासल्यापासून कोंडिबाही त्याला अहोजाहो करत होता.

पावसाळ्यात वाडीची अकरा मेंढरं खोकून मेली होती. महाराज कापूरहोळकडून डोंगर चढून आले, डोळे मिटून म्हणाले, "चेटूक! आठ दिवस माणसाजनावरानं अळणी खायचं. घरातलं मीठ माझ्या झोळीत. मग हा देवाचा एडका चेटकीण दाखवील." चेटकिणीनं वाडी सोडायची, तिच्या शेळ्या महाराज सांभाळणार. परोपकारी माणूस!

वाडीनं आठ दिवस अळणी आमटी गिळली. नवव्या सकाळी महाराजांनी एकेका बाईच्या तळव्यावर अंगारा ठेवला. एडका हुंगत निघाला. साळूबाईपाशी थांबला नाही, धोंडाबाईपाशी नाही. ठकुबाईचा तळवा मात्र चाटतच सुटला.

"सापडली!" महाराज गरजले.

ठकुबाई म्हातारी, एकटी. सात शेळ्या हेच तिचं गणगोत. महाराजांना करडू न देणारी वाडीत तीच एक.

कोंडिबानं मान खाली घातली. "मावशी, द्येवानंच सांगितलं. वाडी सोडाय लागंल."

"सोडते की. पर द्येव काय चाटतोय, त्ये तरी बघू." ठकुबाईनं तळव्याला जीभ लावली. चव घोळवली. "कोंडिबा, आठ दिसांनी तोंडाला चव आली बग! घे, तूबी चाट."

कोंडिबानं चाटलं. मग साळूबाईच्या तळव्यावरचा अंगारा चाखला. "ही तर नुसती राख!"

"दर आठवड्याला मेंढरांसाठी धोंड्यावर मीठ टाकतोस," ठकुबाई म्हणाली. " तुजी मेंढरं धोंड्याला चेटकीण म्हनून चाटत्यात व्हय रं?"

पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांना मीठ चारणारी वाडी एकमेकांची तोंडं बघू लागली. आपलंच मीठ आपणच झोळीत घातलं, आपलीच मेंढरं आपणच मिठाला भुकेली ठेवली!

"कोप होईल!" महाराज ओरडले. एडक्यानं तोवर त्यांच्या झोळीत तोंड घातलं होतं. मागून कळप आला. महाराज झोळीसकट उताराला पळाले, दोनशे मेंढरं पाठोपाठ.

"म्हाराज, झोळी टाका!" ठकुबाई ओरडली. महाराजांनी तिचा तेवढा एक उपदेश ऐकला.

खोकला ओल्या चिखलात बसल्यानं झाला होता. भोरच्या गुरांच्या डॉक्टरनं सांगितलं, कोंडिबानं मेंढरं कोरड्या माळावर बसवली, खोकला ओसरला. त्यासाठी कुणाला हाकलावं लागलं नाही.

चमत्कार दिसला तर नमस्कार खुशाल करावा. फक्त त्याआधी जरा चाखून बघावं. शेजारणीचं घर जाण्यापेक्षा जिभेला राख लागलेली बरी.